गवत आणि चंद्र

खरवईच्या बांधावर पावसाळ्यात तेरडा फुलतो. गौरीच्या दिवसांत त्याला मान. एरवी त्याच्याकडे कोण पाहतो? फूल आपण देवाला वाहतो, केसांत माळतो, हारात गुंफतो. पण त्याच्या देठाचा कल, वाळक्या फांदीचा बाक ही कला मानायची सवय आपल्याला नाही. जपानी इकेबानाचे मूळही बुद्धापुढच्या पुष्पार्पणातच आहे. तिला आधुनिक शिल्पकलेच्या पंगतीला बसवणाऱ्यांत अग्रणी होते सोफू तेशिगाहारा.

त्यांचा जन्म 1900 सालचा. वडील पुष्परचनेचे शिक्षक. लहानपणापासून मुलाला त्यांनीच शिकवले. कोणती फांदी किती उंच, कोणती किती कललेली, याचे नियम ठरलेले होते. मुलाला त्यात मांडणाऱ्याचे मन कुठे दिसेना. वडिलांशी मतभेद झाले आणि 1927 साली त्यांनी टोकियोत स्वतःची शाळा काढली. नाव ठेवले सोगेत्सू, म्हणजे गवत आणि चंद्र.

महायुद्धात टोकियो बेचिराख झाले. फुलांची चैन कोणाला परवडणार, असे ते दिवस. पण सोफूंनी पुन्हा फांद्या हाती घेतल्या. पुढे लोखंड, दगड, झाडांची खोडे, मुळे हे सारे त्यांच्या रचनेत आले. कोणीही, कुठेही, कशाचीही मांडणी करावी, ही त्यांची शिकवण. परदेशी लोकही त्यांच्याकडे शिकू लागले आणि युरोप-अमेरिकेत त्यांची प्रदर्शने भरली.

आपल्याकडे तेरड्याचा रंग तीन दिवसांचा म्हणतात, तो हिणवण्यासाठी. सोफूंची ताजी रचनाही त्याहून फार टिकत नसे. पण कोमेजणे हा तिचा दोष नव्हे. ज्याने मांडले त्याचा तो क्षण तिच्यात उतरला, की तिचे काम झाले.

1979 साली सोफू गेले. वारसा कन्या कासुमीकडे आला. पुढच्याच वर्षी तीही गेली. मग सूत्रे हाती घेतली ती मुलगा हिरोशी यांनी. 1964 सालच्या ‘वुमन इन द ड्यून्स’ या चित्रपटाचे हे दिग्दर्शक. वडिलांची चौकट मोडून निघालेल्या माणसाचे स्वातंत्र्यही अखेर घराण्याची गादी झाले. मात्र त्या गादीवर बसलेल्या हिरोशींनी बांबूच्या भव्य रचना उभारल्या. त्या वडिलांच्या नव्हत्या, त्यांच्या स्वतःच्या होत्या. सोफूंना आणखी कोणता वारसा हवा होता?