तुकोबांनी केलेली वाटणी



आजच्या वाचनात वाली-सुग्रीव आले. गुहेच्या तोंडाशी झालेला एक गैरसमज, तेवढ्यावरून सख्ख्या भावाला राज्याबाहेर हाकललं. वाचताना मला मात्र सारखे आठवत होते देहूचे भाऊ. वाटणी तिथेही झालीच होती.

तुकोबांचा जन्म साधारण 1608 चा मानतात. बोल्होबा आणि कनकाईंचे ते मधले चिरंजीव. थोरले सावजी, धाकटे कान्होबा. घरात दुकान, सावकारी, गावची महाजनकी आणि पूर्वजांपासूनचं विठ्ठलाचं देऊळ. रीतीप्रमाणे कारभार थोरल्याकडे जायचा, पण सावजींचं मन त्यात रमेना, म्हणून वडिलांनी तो तुकोबांवर सोपवला. थोरल्याला सोडून मधल्याच्या हातात किल्ल्या! आपल्याकडे एवढ्यावरून फॅमिली ग्रुप फुटतात. सावजींनी मनात काही धरल्याचं मात्र कुठे वाचायला मिळत नाही.

पुढे आईवडील गेले. सावजींची बायको गेली आणि ते घर सोडून तीर्थयात्रेला निघून गेले. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात धंदा बुडाला, पहिली पत्नी रखमाबाई अन्नावाचून गेल्या, लहानगा संतूही गेला. तुकोबा भामचंद्र डोंगरावर जाऊन बसले. धाकटे कान्होबा शोधत शोधत तिथे पोचले आणि भावाला खाली घेऊन आले.

मग इंद्रायणीकाठी तो प्रसंग घडला. लोकांकडून येणं असलेल्या पैशांची सगळी खतं तुकोबांना नदीत सोडायची होती. देणेकरीही त्याच दुष्काळात होरपळलेले, त्यांच्याकडून काय वसूल करणार? पण कान्होबांनी अडवलं. दादा विरक्त झाले, आपल्याला मात्र घर चालवायचंय, असं त्यांचं म्हणणं.

हे ऐकलं की आपण पटकन कान्होबांना व्यवहारी ठरवून मोकळे होतो. मला ते पटत नाही. घरात एकाला वैराग्य आलं तरी चूल दुसऱ्याला पेटवावीच लागते. आईवडिलांचं दुखणं एकजण काढतो, दुसरा लांबून मोठ्या मनाच्या गोष्टी करतो, हे आपण बघतोच की.

तुकोबांनी भावाला उपदेश केला नाही, लोभी म्हटलं नाही. खतांचे सरळ दोन भाग केले. अर्धी कान्होबांच्या हातात दिली, आपल्या वाट्याची अर्धी पाण्यात सोडली. आपला त्याग त्यांनी भावावर लादला नाही. त्यानंतर मोडकळीला आलेलं घरचं देऊळ नीट केलं आणि कीर्तनाला उभे राहिले.

आणि कान्होबा? हिस्सा घेऊन दूर झाले असते तर गोष्ट इथेच संपली असती. पण तेही अभंग लिहू लागले. तुकोबा वैकुंठाला गेले, आपण ज्या दिवशी बीज पाळतो त्या दिवशी. तेव्हा कान्होबा थेट विठ्ठलाशीच भांडले, माझा भाऊ परत दे म्हणून. ते अभंग गाथेत आहेत, सवड काढून वाचा. अभंगाच्या शेवटी कवी आपलं नाव घालतो ना, तिथे कान्होबा सही करतात ती ‘तुकयाबंधु’ अशी.