विश्लेषण : पेशीच्या श्वासाचा शोध घेणाऱ्या कमला सोहोनी कोण होत्या? त्यांच्या कामाचा हृदयाशी काय संबंध?

हृदयविकाराच्या झटक्यानंतर अनेक घरांत ‘सी’ आणि ‘ई’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणल्या जातात. त्यामागचे विज्ञान समजून घेताना जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी यांचे आयुष्य आठवते.

प्रवेशासाठी सत्याग्रह...
कमला भागवत यांचा जन्म इंदूरचा. लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या बहीण. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठातून पदवी घेऊन त्यांनी बेंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे अर्ज केला. संचालक सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत. अखेर एक वर्ष काम पाहण्याच्या अटीवर त्यांना घेतले गेले. त्यांचे काम पाहून पुढे तिथे मुलींना प्रवेश मिळू लागला.

केंब्रिजमध्ये काय सापडले?
केंब्रिजमध्ये बटाट्यावर काम करताना वनस्पतीच्या पेशींत त्यांना ‘सायटोक्रोम सी’ आढळले. पेशीला प्राणवायू वापरून ऊर्जा मिळवायला हे प्रथिन मदत करते. १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. प्रबंध होता अवघ्या ४० पानांचा!

याचा हृदयाशी संबंध कसा?
हेच प्रथिन हृदयाच्या पेशींतही असते. अँजिओप्लास्टीने बंद रक्तवाहिनी उघडली की अडलेला प्राणवायू एकदम परततो. त्या वेळी पेशीची ऊर्जायंत्रणा विस्कळीत असल्याने घातक ‘फ्री रॅडिकल्स’ तयार होतात, कॅल्शियमचे संतुलन ढळते आणि ठोके अनियमित होऊ शकतात. अँटिऑक्सिडंट जीवनसत्त्वे हे रोखतील, अशी आशा त्यातूनच निर्माण झाली.

आशा खरी ठरली का?
झटका येऊन गेलेल्या ११ हजारांहून अधिक रुग्णांवरील इटलीतील चाचणीत ‘ई’ जीवनसत्त्वाचा ठोस फायदा दिसला नाही. तिचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. ‘सी’बाबतच्या छोट्या अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत.

नीरेचे संशोधन काय होते?
१९४७ मध्ये विवाहानंतर कमलाबाई मुंबईत आल्या. इथल्या विज्ञान संस्थेत त्यांनी नीरेतील ‘सी’ जीवनसत्त्व आणि लोह यांचा अभ्यास केला. कुपोषित आदिवासी मुले व गर्भवतींना नीरा देऊन परिणाम तपासला. प्रकृती सुधारल्याचे दिसले. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. संस्थेचे संचालकपद मात्र उशिरा मिळाले. १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले.

रुग्णांनी काय लक्षात घ्यावे?
नीरेचा गुण आला तो शरीरात कमतरता होती म्हणून. कमतरता नसताना घेतलेली गोळी हृदयाचे ठोके सांभाळेलच असे नाही. रक्त पातळ करणाऱ्या औषधांसोबत ‘ई’चा मोठा डोस घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. त्यामुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय जीवनसत्त्वे सुरू करू नयेत आणि चालू औषधे बंद करू नयेत. छातीत धडधड, चक्कर किंवा शुद्ध हरपणे, असे काही झाल्यास तातडीने रुग्णालय गाठावे.