श्री तुकाराम महाराजांची गाथा : इंद्रायणीच्या डोहापासून छापील ग्रंथापर्यंत

पुणे जिल्ह्यात इंद्रायणीच्या काठी वसलेले श्रीक्षेत्र देहू ही जगद्गुरू संत श्री तुकाराम महाराजांची जन्मभूमी, कर्मभूमी व वैकुंठगमनाची भूमी होय. येथे येणारा भाविक विठ्ठल-रखुमाईचे व शिळेचे दर्शन घेतो, वैकुंठस्थानी माथा टेकतो आणि परतताना बहुधा गाथेची एक प्रत घरी नेतो. आज ही प्रत अल्प देणगीमूल्यात सहज मिळते. परंतु महाराजांच्या हयातीत त्यांचा एकही अभंग छापला गेला नव्हता. वैकुंठगमनानंतरही दोनशे वर्षे ही वाणी केवळ भाविकांच्या कंठात आणि हस्तलिखित वह्यांत जिवंत राहिली. ती आपल्यापर्यंत कशी पोहोचली, हे जाणून घेणे हाही गाथेच्या सेवेचाच एक भाग आहे.

घराणे व संसार

महाराजांचे घराणे मोरे कुळातील. मूळ पुरुष विश्वंभरबाबा यांच्यापासून घरात विठ्ठलाची उपासना व पंढरीची वारी चालत आली होती. पिता बोल्होबा व माता कनकाई यांच्या पोटी महाराजांचा जन्म झाला. इ.स. 1608 हे त्यांचे जन्मवर्ष सर्वसाधारणपणे मानले जाते. थोरले बंधू सावजी, धाकटे कान्होबा. घरी महाजनकी, शेती व व्यापार असल्याने बालपण सुखात गेले.

पुढे मात्र संकटांची मालिका सुरू झाली. माता-पित्यांचे छत्र हरपले, सावजी विरक्त होऊन तीर्थयात्रेस निघून गेले आणि प्रपंचाचा सारा भार कोवळ्या वयात तुकोबारायांवर पडला. इ.स. 1630 च्या सुमारास महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला. त्यात गुरेढोरे गेली, व्यापार बुडाला, प्रथम पत्नी रखमाबाई अन्नावाचून निवर्तल्या आणि पुत्र संतूही गेला. या आघातांनी महाराज खचले नाहीत, तर अंतर्मुख झाले. पूर्वजांचे मोडकळीस आलेले विठ्ठलमंदिर त्यांनी दुरुस्त केले. भंडारा व भामचंद्र या डोंगरांवर एकांतात बसून त्यांनी पूर्वसंतांच्या ग्रंथांचे चिंतन केले. लोकांकडील येण्याच्या खतपत्रांपैकी आपल्या वाट्याची खते त्यांनी इंद्रायणीत सोडून दिली आणि सावकारीचा पाश कायमचा तोडला. बाबाजी चैतन्य यांच्याकडून स्वप्नात गुरूपदेश, तसेच नामदेवरायांसह पांडुरंगाने स्वप्नी येऊन दिलेली कवित्वाची आज्ञा, हे प्रसंग संप्रदायात सर्वपरिचित आहेत.

वह्या डोहात

महाराजांचे कीर्तन ऐकण्यास सर्व जातींचे लोक जमू लागले. वेदान्ताचा अर्थ प्राकृत भाषेत, तोही शूद्र मानल्या गेलेल्या घराण्यातील पुरुषाने सांगावा, हे काही शास्त्रीमंडळींना रुचले नाही. वाघोलीचे रामेश्वर भट्ट यांनी आक्षेप घेतला आणि अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडविण्याचा प्रसंग महाराजांवर आला. द्वितीय पत्नी जिजाबाईंसह सारा संसार घरी असताना महाराज नदीकाठच्या शिळेवर अन्नपाणी वर्ज्य करून बसले. तेरा दिवसांनी वह्या कोरड्या वर आल्या, अशी वारकरी परंपरेची दृढ श्रद्धा आहे. रामेश्वर भट्ट पुढे पश्चात्ताप पावून महाराजांचेच शिष्य झाले. ती शिळा देहूच्या मुख्य मंदिराच्या आवारात असून तेथील नव्या पाषाणी शिळामंदिराचे लोकार्पण 14 जून 2022 रोजी झाले.

खते महाराजांनी स्वतःहून नदीला दिली, वह्या मात्र त्यांना द्याव्या लागल्या. जे द्रव्याचे होते ते परत आले नाही, जे लोकांचे होते ते परत आले. गाथेचा पुढील इतिहासही हेच सांगतो.

टाळकरी व लेखक

कीर्तनात महाराजांच्या मागे उभे राहणाऱ्या टाळकऱ्यांपैकी काहींनी अभंग लिहून ठेवले. त्यांत चाकणचे संताजी जगनाडे आणि कडूसचे गंगारामबुवा मवाळ यांची नावे आदराने घेतली जातात. संताजींची समाधी देहूजवळ सुदुंबरे येथे आहे. इ.स. 1650 मध्ये फाल्गुन वद्य द्वितीयेस महाराज वैकुंठास गेले. हीच तिथी तुकारामबीज म्हणून पाळली जाते. त्यानंतर बंधू कान्होबा, शिष्या बहिणाबाई व पिंपळनेरचे निळोबाराय यांनी ही परंपरा पुढे नेली. महाराजांचे पुत्र नारायण महाराज यांनी इ.स. 1685 मध्ये पालखी सोहळा सुरू केला. तेव्हापासून दरवर्षी हजारो कंठांतून अभंग पंढरीच्या वाटेवर गायिले जाऊ लागले.

फडाफडांत व घराघरांत अभंगांची बाडे उतरून घेतली जात. लिहिणारा कधी ऐकलेले लिही, कधी दुसऱ्या बाडावरून नक्कल करी. त्यामुळे शब्द बदलले, चरण मागेपुढे झाले आणि महाराजांची नाममुद्रा घेऊन इतरांच्या रचनाही मिसळल्या. असे असले तरी या अनाम नकलकारांचे ऋण फार मोठे आहे. एकच पोथी एकाच ठिकाणी असती, तर आग, वाळवी वा लुटालूट यांत ती केव्हाच नाहीशी झाली असती.

छापखान्याचे युग

इंग्रजी अमदानीत मुंबई-पुण्यात देवनागरी छपाई रुळली आणि संतवाणी छापील रूपात येऊ लागली. परशुराम बल्लाळ गोडबोले यांनी इ.स. 1854 मध्ये सिद्ध केलेल्या नवनीत या काव्यसंग्रहातून तुकोबारायांचे निवडक अभंग विद्यार्थ्यांच्या हाती गेले. इ.स. 1867 मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाच्या उपासनेतही हे अभंग म्हटले जात. नवशिक्षितांना आता संपूर्ण गाथेची उणीव भासू लागली.

ती उणीव मुंबईच्या इंदुप्रकाश छापखान्याने भरून काढली. गाथेचा पहिला भाग इ.स. 1869 मध्ये व दुसरा इ.स. 1873 मध्ये प्रसिद्ध झाला. या कार्यास मुंबई सरकारने 24,000 रुपयांचे साहाय्य केले. त्या काळी ही रक्कम फार मोठी होती. संपादन विष्णु परशुरामशास्त्री पंडित यांनी शंकर पांडुरंग पंडित यांच्या सहकार्याने केले. विष्णुशास्त्री हे विधवाविवाहाचे खंदे पुरस्कर्ते, तर शंकर पांडुरंग हे वेदवाङ्मयाचे नामांकित अभ्यासक. ज्या वाणीला वेदार्थ बोलण्याचा अधिकार नाही असे एकेकाळी म्हटले गेले, तिच्या शुद्ध पाठासाठी वेदांचाच पंडित झटला, हा काळाचा न्याय म्हणावा लागेल.

संपादकांनी देहू, कडूस, तळेगाव व पंढरपूर येथील हस्तलिखिते मिळवून त्यांचे पाठ ताडून पाहिले. या गाथेत 4,607 अभंगांना क्रमांक दिलेले असून महाराजांचे चरित्रही जोडलेले आहे. वारकऱ्यांच्या घरांत देवघरापाशी जपलेली बाडे नसती, तर विद्वत्ता व सरकारी पैसा असूनही हा ग्रंथ उभा राहिला नसता.

संख्या भिन्न, गाथा एकच

यानंतर गाथेच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. तुकाराम तात्या पडवळ यांनी इ.स. 1889 मध्ये काढलेल्या संग्रहात अभंगांची संख्या आठ हजारांच्या पुढे गेली. जे जे महाराजांच्या नावे मिळेल ते ते राखावे, असा त्यांचा व्यापक दृष्टिकोन होता. विसाव्या शतकाच्या आरंभी विष्णुबुवा जोग यांनी सार्थ गाथा सिद्ध केली. जोग महाराजांनीच पुढे इ.स. 1917 मध्ये आळंदी येथे वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली. त्यांच्या सार्थ गाथेमुळे सामान्य भाविकास अर्थासह वाचन करणे सुलभ झाले. इ.स. 1909 ते 1915 या काळात फ्रेझर व मराठे यांनी केलेले इंग्रजी भाषांतर तीन भागांत प्रसिद्ध झाले आणि महाराजांचे विचार मराठी न जाणणाऱ्यांपर्यंत गेले.

ठाण्याचे विनायक लक्ष्मण भावे यांनी जगनाडे घराण्यात जपलेल्या संताजींच्या वह्या शोधून त्या इ.स. 1919 व 1920 मध्ये अस्सल गाथा म्हणून प्रसिद्ध केल्या. त्यांत सुमारे तेराशे अभंग आहेत. महाराजांच्या प्रत्यक्ष सहवासातील लेखकाच्या वह्यांवर आधारलेली म्हणून या प्रतीचे मोल वेगळेच आहे.

कोठे तेराशे, कोठे साडेचार हजार, तर कोठे आठ हजार, हे पाहून नव्या वाचकाचा गोंधळ होतो. याचे कारण साधे आहे. एका लेखकाने जेवढे ऐकले तेवढे लिहिले, एका संपादकाने अनेक प्रतींत मिळाले तेवढे निवडले, तर दुसऱ्याने काहीच गळू दिले नाही. काही आवृत्त्यांत कान्होबा व रामेश्वर भट्ट यांच्या रचनाही समाविष्ट आहेत. म्हणून दोन प्रतींतील क्रमांक जुळले नाहीत, तरी भाविकाने शंकित होऊ नये. अभंग शोधताना क्रमांकापेक्षा पहिल्या चरणावरून शोधणे सोयीचे ठरते.

महाराजांच्या वैकुंठगमनास तीनशे वर्षे पूर्ण झाली, तेव्हा इ.स. 1950 मध्ये तत्कालीन मुंबई राज्य सरकारने इंदुप्रकाश प्रतीवर आधारित गाथा पुन्हा छापली. तिचे काम पु. मं. लाड यांनी पाहिले. इ.स. 1973 मध्ये महाराष्ट्र शासनानेही तिचे पुनर्मुद्रण केले. या शासकीय गाथेमुळे हा ग्रंथ खेड्यापाड्यांतील घरांत व वाचनालयांत पोहोचला.

श्रीक्षेत्री आल्यावर

देहूतील भव्य गाथा मंदिरात चार हजारांहून अधिक अभंग संगमरवरी शिळांवर कोरलेले आहेत. जी वाणी पाण्यात बुडविली गेली, ती आज दगडावर स्थिर झालेली पाहून भाविकाचे मन भरून येते. तथापि, गाथेचे खरे रक्षण दगडाने वा कागदाने केले नाही. ते संताजींसारख्या लेखकांनी, बाडे जपणाऱ्या घराण्यांनी, वारीत गाणाऱ्या अशिक्षित स्त्री-पुरुषांनी, कष्टाळू संपादकांनी आणि छपाईस द्रव्य देणाऱ्यांनी मिळून केले. एकाने लिहावे, दुसऱ्याने जपावे, तिसऱ्याने छापावे व चौथ्याने गावे, अशी ही साखळी आहे.

संप्रदायात अन्नदानाइतकेच ग्रंथदान श्रेष्ठ मानले जाते, त्यामागे हाच अनुभव आहे. गाथेची एक प्रत गावच्या मंदिरास, शाळेस वा वाचनालयास देणे, घरातील जुनी बाडे व पोथ्या रद्दीत न घालता जाणकारांच्या हाती सोपविणे आणि नित्य एक तरी अभंग अर्थासह वाचणे, ही सेवा कोणासही करता येण्याजोगी आहे. यात्रेहून परतणाऱ्या प्रत्येक भाविकाने ती यथाशक्ती करावी व या साखळीतील आपली कडी मजबूत ठेवावी, हीच श्रीचरणी प्रार्थना.

॥ जय जय रामकृष्ण हरि ॥