सॅक्सोफोनचा जनक : ॲडॉल्फ सॅक्स

स्मरणिकेत एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र द्यावे, हा प्रघात जुनाच आहे. बहुधा ते चरित्र संताचे, देशभक्ताचे अथवा साहित्यिकाचे असते. या सुवर्णमहोत्सवी अंकासाठी आम्ही मात्र एका कारागिराची निवड केली आहे. त्याचे नाव अनेकांना ठाऊक नसेल; त्याची निर्मिती मात्र सर्वांच्या कानांवरून गेली आहे. लग्नाच्या वरातीत, पोलीस बँडच्या संचलनात आणि जुन्या हिंदी चित्रपटगीतांत दोन कडव्यांच्या मधल्या जागी जे वाकड्या मानेचे पितळी वाद्य भरदार, किंचित घोगऱ्या स्वरात आळवते, तो सॅक्सोफोन. सनई किंवा वीणा कोणी प्रथम घडविली, हे सांगता येत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांतून ती वाद्ये आकारास आली. सॅक्सोफोनला मात्र जन्मदाता आहे, जन्मकाळ आहे, आणि पित्याचे नाव तर वाद्याच्या नावातच कोरलेले आहे.

ॲडॉल्फ सॅक्स याचा जन्म ६ नोव्हेंबर १८१४ रोजी म्यूज नदीच्या काठी वसलेल्या दिनां या गावी झाला. त्याचे पाळण्यातील नाव आंत्वान-जोसेफ. त्या वेळी बेल्जियम हे राष्ट्र अस्तित्वात नव्हते; ते १८३० साली उदयास आले. दिनां हे गाव मध्ययुगापासून तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध होते, इतके की फ्रेंच भाषेत अशा ठोकीव कामाला त्या गावाचेच नाव पडले. पुण्याची तांबट आळी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना त्या वातावरणाची कल्पना सहज यावी. वडील शार्ल-जोसेफ हे मूळचे सुतारकाम जाणणारे. पुढे ब्रसेल्सला जाऊन त्यांनी वाद्यनिर्मितीत नाव कमावले.

अकरा भावंडांत ॲडॉल्फ थोरला. त्याच्या बालपणीचे अपघात ऐकून आजही अंगावर काटा उभा राहतो. तो जिन्यावरून कोसळला, टाचणी गिळून बसला, आम्लमिश्रित पाणी प्याला, दारूच्या स्फोटात भाजला आणि नदीत बुडता बुडता वाचला. हा मुलगा फार काळ जगायचा नाही, असे खुद्द आईलाच वाटे, आणि शेजारी त्याला भूत म्हणून चिडवीत. या कथांत चरित्रकारांची थोडी भर असेलही. पण पुढील आयुष्यात त्याच्या वाट्याला जे आले ते पाहता, ही नांदी अप्रस्तुत वाटत नाही.

वडिलांच्या कारखान्यात हातोडी आणि कानस चालविता चालविताच त्याने ब्रसेल्सच्या संगीतविद्यालयात बासरी व क्लॅरिओनेट यांचे रीतसर शिक्षण घेतले. आमच्या मते त्याच्या यशाचे मर्म येथेच आहे. वाद्य घडविणारा आणि वाजविणारा हे एरवी दोन भिन्न पुरुष असतात. एकाचे दुखणे दुसऱ्याला सांगून कळावे लागते. सॅक्सच्या ठायी हे दोन्ही एकत्र नांदत होते. वयाच्या चोविसाव्या वर्षी, १८३८ साली, त्याने खर्जाच्या क्लॅरिओनेटची रचना सुधारून तिचे पेटंट घेतले.

मात्र त्याच्या मनात वेगळाच प्रश्न घोळत होता. त्या काळच्या लष्करी वाद्यवृंदात तुताऱ्यांसारखी पितळी वाद्ये मोकळ्या मैदानात दूरवर ऐकू जात. परंतु त्यांत मार्दव कमी. लाकडी वाद्ये गोड, पण उघड्यावर त्यांचा आवाज विरून जाई. या दोहोंमधली दरी भरून काढणारे वाद्य हवे होते. सॅक्सने क्लॅरिओनेटच्या वर्गातील माउथपीस आणि वेताची पत्ती घेतली, आणि ती पितळेच्या शंक्वाकार, म्हणजे टोकाकडे रुंदावत जाणाऱ्या, नळीवर बसविली.

हा बदल वरकरणी किरकोळ भासतो, पण त्याचे फळ मोठे आहे. क्लॅरिओनेटची नळी बव्हंशी सारख्याच व्यासाची असते. तिच्यावर एखादा स्वर वाजवीत असता वरचा स्वर काढू गेल्यास तो लगतच्या सप्तकात न जाता आणखी वर उडी घेतो. षड्ज धरला असेल तर थेट तार सप्तकातील पंचम लागतो. त्यामुळे खाली बोटांची एक मांडणी आणि वर दुसरी, असा दुहेरी अभ्यास वादकाला करावा लागतो. शंक्वाकार नळीत मात्र षड्जावरून नेमका तार षड्जच मिळतो. एक कळ दाबली की तीच बोटे वरच्या सप्तकात चालतात. शिवाय सॅक्सोफोन पितळेचा असूनही संगीतशास्त्रज्ञ त्याची गणना लाकडी वाद्यांच्या वर्गात करतात. कारण त्याचा स्वर ओठांच्या कंपनाने नव्हे, तर पत्तीच्या कंपनाने उमटतो.

१८४१ च्या ब्रसेल्स येथील प्रदर्शनात परीक्षकांनी सॅक्सच्या कामाची सुवर्णपदकासाठी शिफारस केली. परंतु वरिष्ठ समितीने त्याचे वय लहान असल्याचे कारण दाखवून ती फेटाळली आणि दुय्यम पदक देऊ केले. ते त्याने बाणेदारपणे नाकारले. गुणवत्तेची शिफारस वरच्या मजल्यावर जाऊन वयोमर्यादेत अडकावी, हा प्रकार आमच्यासारख्या सरकारी नोकरांना तरी नवलाचा वाटणार नाही. सॅक्सने मात्र तक्रारीचा कागद न लिहिता गाव सोडले. १८४२ साली तो पॅरिसला गेला आणि तेथेच त्याने उर्वरित आयुष्य वेचले.

पॅरिसमध्ये त्याला एक मोठा पाठीराखा लाभला. सुप्रसिद्ध संगीतकार एक्तोर बर्लिओझ याने १२ जून १८४२ रोजी एका वृत्तपत्रात या नव्या वाद्याची मुक्तकंठाने प्रशंसा केली, आणि ३ फेब्रुवारी १८४४ रोजी आपल्या एका रचनेत ते लोकांना प्रत्यक्ष ऐकविले. फ्रेंच सैन्याच्या वाद्यवृंदांची तेव्हा दुरवस्था होती. सरकारने सुधारणेचा विचार चालविला, तेव्हा सॅक्सने आपली योजना पुढे केली. साहजिकच जुन्या वाद्यनिर्मात्यांचा संताप उसळला. कालचा पोर, त्यातून परदेशी, आणि सरकारी खरेदी मात्र त्याची!

अखेर २२ एप्रिल १८४५ रोजी पॅरिसच्या शां द मार्स या विस्तीर्ण मैदानावर दोन वाद्यवृंदांचा सामना ठरला. एका बाजूस काराफा या संगीतकाराचा जुन्या पद्धतीचा वृंद, तर दुसऱ्या बाजूस सॅक्सचा. सॅक्सचे काही वादक ऐनवेळी फिरकलेच नाहीत; विरोधकांनी त्यांना फितविले, असे म्हणतात. तरीही जमलेल्या हजारो श्रोत्यांनी कौल दिला तो सॅक्सलाच. हा विजय प्रामुख्याने त्याच्या सॅक्सहॉर्न या पितळी वाद्यसमूहाचा होता. परंतु पुढे निघालेल्या सरकारी आदेशात सॅक्सोफोनलाही स्थान मिळाले. १८४६ साली सॅक्सोफोनचे पंधरा वर्षांचे पेटंट त्याच्या नावे झाले. ते एका वाद्याचे नव्हते. तारस्वरापासून खर्जापर्यंत लहानमोठ्या भावंडांचे अवघे कुटुंबच त्याने योजिले होते.

येथून त्याच्या जीवनातील न्यायालयीन पर्व सुरू झाले, ते दशकानुदशके संपले नाही. विरोधकांनी एकजूट करून पेटंट रद्द करण्यासाठी दावे लावले. हे वाद्य नवे नाही असा त्यांचा एक युक्तिवाद, तर दुसरा असा की, याला वाद्यच म्हणता येत नाही. परस्परांना छेद देणारे हे दोन मुद्दे एकाच फिर्यादीत सुखाने नांदत होते. पेटंट म्हणजे हक्काचा कागद. परंतु कागद स्वतः लढत नाही, त्याच्यासाठी मालकाला पदरचे पैसे खर्चून लढावे लागते. सॅक्सने पुष्कळ दावे जिंकले. त्या जिंकण्यापायी कारखान्याचे भांडवल मात्र आटत गेले.

त्यात राज्यक्रांतीची भर पडली. १८४८ साली राजसत्ता उलथली आणि तिच्याबरोबर वाद्यवृंदांची सुधारणाही गुंडाळली गेली. १८५२ साली त्याचे पहिले दिवाळे निघाले. तिसऱ्या नेपोलियनच्या कृपेने १८५४ मध्ये दिवस पालटले. परंतु त्याच सुमारास त्याच्या ओठावर गाठ उठली. सुषिर वाद्य वाजविणाऱ्याच्या ओठावरच घाला! पॅरिसमध्ये काळा डॉक्टर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका वैद्याने हिंदुस्थानातील वनस्पतींची औषधे दिली आणि सॅक्स बरा झाला, असे त्याचे चरित्रकार नमूद करतात. तो वैद्य वादग्रस्त होता, तेव्हा त्याच्या औषधाचे श्रेय आपल्या देशाकडे घेण्याचा मोह आम्ही आवरतो. सॅक्स वाचला, एवढे खरे.

१८५७ पासून पॅरिसच्या संगीतविद्यालयात तो लष्करी विद्यार्थ्यांना सॅक्सोफोन शिकवू लागला. १८६६ साली पेटंटची वाढीव मुदतही संपली आणि इतर कारखानदारांना रान मोकळे झाले. १८७० च्या युद्धानंतर विद्यालयातील वर्ग बंद पडला. तो पुन्हा उघडण्यास १९४२ साल उजाडावे लागले. १८७३ मध्ये दुसरे आणि १८७७ मध्ये तिसरे दिवाळे निघाले. देशोदेशींची चारशेहून अधिक वाद्ये त्याने हौसेने जमविली होती. त्यांचा लिलाव पुकारला गेला. तरीही हा गृहस्थ स्वस्थ बसला नाही. १८८१ साली, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, त्याने सॅक्सोफोनमध्ये आणखी सुधारणा सुचविणारे पेटंट घेतले. फेब्रुवारी १८९४ मध्ये पॅरिस येथे विपन्नावस्थेत त्याचे निधन झाले. माँमार्त्रच्या दफनभूमीत त्याला चिरविश्रांती लाभली.

चरित्र येथे संपते, परंतु वाद्याची वाटचाल येथूनच वेग घेते. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत त्याची लाट उसळली आणि जॅझ संगीताने त्याला आपला प्राणस्वर मानले. सॅक्सच्या मूळ वाद्यात वरच्या सप्तकासाठी दोन स्वतंत्र कळा हाताने सांभाळाव्या लागत. पुढे एकाच कळीने ते काम आपोआप होऊ लागले. स्वरांचा पल्ला दोन्ही टोकांना वाढला. त्याच्या माउथपीसची पोकळी मोठी व गोलसर असल्याने स्वर मऊ निघे. पुढे ती अरुंद झाली आणि स्वर धारदार बनला. पॅरिसच्या सेल्मर कारखान्याने सॅक्सचा कारखाना विकत घेतला. त्या सेल्मरने १९३६ व १९५४ च्या सुमारास काढलेले सॅक्सोफोन आजही वादक शोधून शोधून विकत घेतात. त्यामुळे खुद्द त्याच कारखान्याला आपल्या जुन्या वाद्यांची नवी आवृत्ती काढावी लागली, आणि त्या नमुन्यांना त्याने ३६ व ५४ हेच आकडे दिले.

जुन्या वाद्याची नवी आवृत्ती काढणे हे नक्कल करण्याइतके सोपे नाही. कळांची ठेवण हाताला सोयीची करता येते, बेसूर स्वर सुधारता येतात; पण नळीचा उतार वाजवीपेक्षा बदलला, विशेषतः वाकड्या मानेच्या आतील व्यासात किंचित फरक पडला, तरी जुना आवाज हरवतो. म्हणून आजचा कारागीर आधी जुन्या नळीचे आतून माप घेतो आणि मगच हत्यार उचलतो. कळा बदलल्या, माउथपीस बदलला, धातूवरचा मुलामा बदलला. पितळेच्या शंकूवर वेताची पत्ती, ही सॅक्सची मूळ कल्पना मात्र अबाधित राहिली आहे.

आपल्या देशात हे वाद्य लष्करी आणि संस्थानी बँडबरोबर आले. गोव्यातील चर्चच्या शाळांत पाश्चात्त्य स्वरलिपी शिकलेले अनेक वादक मुंबईला गेले आणि त्यांनी चित्रपटसंगीतात मोलाची भर घातली. मंगळूरकडील कद्री गोपालनाथ हे नागस्वरवादकाचे पुत्र. म्हैसूरच्या राजवाड्यातील बँडमध्ये त्यांनी सॅक्सोफोन ऐकला आणि दीर्घ तपश्चर्या करून त्यावर कर्नाटक संगीतातील गमके उतरविली. २००४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१९ मध्ये ते निवर्तले. बेल्जियमच्या कारागिराने फ्रेंच सैन्यासाठी घडविलेल्या वाद्यावर त्यागराजांची कृती वाजावी, आणि ऐकणाऱ्याला ते वाद्य परके वाटू नये, याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणते?

सॅक्सच्या जन्मभूमीलाही उशिरा का होईना, जाग आली. १९९० च्या दशकात बेल्जियमने दोनशे फ्रँकच्या नोटेवर त्याची प्रतिमा छापली. तीनदा दिवाळे निघालेल्या माणसाचे मुखचित्र चलनावर आले! २००२ साली युरो आल्यावर ती नोटही व्यवहारातून गेली. राहिले आहे ते वाद्य. ज्यांनी त्याला न्यायालयात खेचले, त्यांची नावे आज केवळ अभ्यासकांना ठाऊक आहेत. त्याचे नाव मात्र जगातील प्रत्येक भाषेत, आपल्या मराठीतही, त्याच्या वाद्याबरोबर उच्चारले जाते. गाव सोडून दूर गेलेल्या माणसाने आपल्याबरोबर काय न्यावे, तर हातातली कला. आणि मागे काय ठेवावे, तर चोख केलेले काम. घराबाहेर घर थाटलेल्या आपल्या मंडळींना यापरते अधिक सांगणे न लगे.