मुंजीची मेखला, आकाशातलं हरीण आणि लोकमान्य टिळक

टिळक म्हटलं की केसरी, गणेशोत्सव आणि मंडालेचा तुरुंग आठवतो. पण हाच माणूस रात्री आकाशातलं मृग नक्षत्र बघून वेदांचं वय मोजत होता, हे फार कमी जणांना माहीत असतं.

टिळक डेक्कन कॉलेजातून गणित घेऊन बी.ए. झालेले. गीता वाचताना त्यांना एक प्रश्न पडला. महिन्यांमध्ये मार्गशीर्षालाच पहिला मान का? त्यांनी गणित मांडलं. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा हळूहळू डुलतो, त्यामुळे वसंतसंपात साधारण ७२ वर्षांत एक अंश मागे सरकतो. आज तो उत्तराभाद्रपदात आहे. तो मृगात होता तेव्हा वर्ष तिथूनच सुरू होत असणार, आणि तो काळ इसवी सनापूर्वी ४००० च्या आसपासचा. हेच त्यांनी १८९३ च्या 'ओरायन' या पुस्तकात मांडलं. गंमत म्हणजे त्याच सुमारास जर्मनीत हर्मान याकोबी हा पंडितही स्वतंत्रपणे जवळपास त्याच उत्तरापर्यंत पोचला होता.

इथपर्यंत ठीक. पण टिळक पुढे गेले. मृगाच्या पोटात एका ओळीत तीन तारे दिसतात ना? तो मृगरूपी प्रजापतीचा कमरपट्टा, आणि मुंजीत बटूच्या कमरेला बांधतात ती मेखला, जानवं, हातातला दंड, अंगावरचं मृगाजिन हे सगळं त्याचीच नक्कल, असं त्यांनी सुचवलं. पारशांची कुस्तीसुद्धा त्यांनी याच माळेत ओवली. कल्पना देखणी आहे, पण पुरावा म्हणाल तर फक्त साम्य.

१८९७ मध्ये राजद्रोहाखाली दीड वर्षाची शिक्षा झाली. मॅक्सम्युलरने आपली ऋग्वेदाची आवृत्ती त्यांना तुरुंगात पाठवली. ती वाचताना उषेची वर्णनं त्यांना खटकली. आपल्याकडे तांबडं फुटलं की काही वेळात सूर्य वर येतो, मग इथे पहाट कित्येक दिवस का रेंगाळते? देवांचा एक दिवस म्हणजे सहा महिने, असं का? अशी पहाट फक्त ध्रुवाजवळच असते. त्यात अवेस्तातली बर्फाने उद्ध्वस्त झालेली भूमी जोडली आणि १९०३ मध्ये 'द आर्क्टिक होम इन द वेदाज' आलं: आर्यांचं मूळ घर उत्तर ध्रुवाजवळ, हिमयुगामुळे ते सुटलं.

पुण्याच्याच ना. भा. पावगींनी पुढे उलट पुस्तक लिहून ते घर सप्तसिंधूत आणलं. आज अभ्यासक ऋग्वेद साधारण इ.स.पू. १५०० नंतरचा मानतात. शिवाय शेवटच्या हिमयुगाआधी ध्रुवावर माणसाला राहण्याजोगी ऊब असायला लाखभर वर्षं मागे जावं लागतं. तिथे टिळकांचा हिशोब कोसळतो. आमच्या मते खरी चूक गणितात नव्हतीच. काव्यातली प्रत्येक ओळ म्हणजे वेधशाळेतली नोंद असं त्यांनी धरलं, तिथे ती झाली.

त्यांच्या ज्योतिषाच्या वेडातून एक गोष्ट मात्र टिकली. पंचांग आकाशाशी जुळलं पाहिजे, या त्यांच्या आग्रहातून आलेलं टिळक पंचांग कोकणात काही घरांत अजून पाळतात, आणि एखाद्या वर्षी त्या घरातला गणपती शेजाऱ्यांच्या महिनाभर आधीच बसतो.