डॉ. व. रा. खानोलकर : रोगाचं मूळ रोजच्या सवयींत शोधणारा माणूस

जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातला शेगाव तालुका एका विचित्र कारणाने बातम्यांत आला. बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस हात लावला की मूठभर निघत होते. काही दिवसांत टक्कल पडत होतं. आधी संशय पाण्यावर गेला, मग बुरशीवर. पुढे तपासणीत लोकांच्या शरीरात सेलेनियम जास्त आढळलं आणि एका अभ्यासात रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवलं गेलं. एप्रिलमध्ये याच भागात काहींची नखंही तुटायला लागली.

केस आणि नखं एकाच प्रथिनाची बनलेली असतात, ते म्हणजे केराटिन. त्याचे धागे गंधकाच्या बंधांनी एकमेकांना घट्ट धरून असतात. सेलेनियम वाढलं की ते गंधकाची जागा घेतं आणि बांधणी कमकुवत होते, असं मानलं जातं.

पण केराटिन फक्त केसांत आणि नखांत नसतं. आपल्या त्वचेच्या आणि तोंडाच्या आतल्या अस्तराच्या पेशींतही ते असतं. तोंडाच्या कॅन्सरमध्ये याच केराटिनच्या गाठी सूक्ष्मदर्शकाखाली पाहत एका मराठी डॉक्टरने आयुष्य घालवलं. आजार कुठून आला हे कळायचं असेल तर माणूस रोज काय खातो, काय चघळतो, काय नेसतो ते आधी विचारा, ही पद्धत त्यांनी भारतीय कॅन्सर संशोधनात रुजवली. त्यांचं नाव डॉ. वसंत रामजी खानोलकर. भारतातल्या पॅथॉलॉजीचे आणि वैद्यकीय संशोधनाचे जनक म्हणून ते ओळखले जातात.

लंडनहून परळला

खानोलकरांचा जन्म १३ एप्रिल १८९५ चा. वैद्यकीय शिक्षणासाठी ते लंडनला गेले आणि १९२३ मध्ये लंडन विद्यापीठातून पॅथॉलॉजीत एम.डी. झाले. पॅथॉलॉजी म्हणजे रोगाने शरीराच्या पेशींत आणि अवयवांत काय बदल झाले ते तपासणारं शास्त्र. आज आपण गाठीचा तुकडा बायोप्सीसाठी पाठवतो, तो या डॉक्टरांकडे जातो.

परत आल्यावर त्यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि नंतर परळच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकवलं. या दुसऱ्या कॉलेजची आणि त्याला जोडलेल्या केईएम रुग्णालयाची गोष्ट वेगळी होती. इंग्रजांच्या राज्यात मोठ्या वैद्यकीय जागा बहुतेक गोऱ्या अधिकाऱ्यांकडे असत. इथे मात्र भारतीय डॉक्टरच शिकवतील, या अटीवर देणगी मिळाली होती. भारतीयांना जमेल का, या शंकेला काम करून उत्तर देणाऱ्या पिढीत खानोलकर होते.

२८ फेब्रुवारी १९४१ ला परळमध्येच टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं. खानोलकर तिथल्या प्रयोगशाळांचे आणि संशोधनाचे संचालक झाले. आता देशभरातले कॅन्सरचे रुग्ण त्यांच्या सूक्ष्मदर्शकाखाली येऊ लागले.

धोतर, खैनी आणि उलटी चुट्टा

पाश्चात्त्य पुस्तकांत कॅन्सरचं जे चित्र होतं, ते परळला येणाऱ्या रुग्णांशी जुळत नव्हतं. इथे तोंडाचा कॅन्सर फार मोठ्या प्रमाणावर दिसत होता. १९४४ मध्ये खानोलकरांनी तोंडाच्या कॅन्सरच्या १,००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. रुग्ण कोणत्या समाजाचा, कोणत्या भागाचा, त्याला सवयी कोणत्या, हे त्यांनी बारकाईने पाहिलं. एकाच शहरात राहणाऱ्या पारशी, गुजराती, दख्खनी अशा समाजांत कॅन्सरच्या जागा वेगवेगळ्या होत्या. हवा तीच, पाणी तेच, तरी फरक होता. मग उत्तर राहणीत शोधायला हवं होतं.

१९४५ मध्ये बी. सूर्याबाई यांच्यासोबत त्यांनी भारतात आढळणाऱ्या तीन नव्या प्रकारच्या कॅन्सरवर लेख लिहिला. तिन्हींचा संबंध रूढींशी होता. आंध्रच्या किनाऱ्यावर काही लोक चुट्टा, म्हणजे गावठी चिरूट, जळतं टोक तोंडात धरून ओढत. त्यांना टाळूचा कॅन्सर होई. तंबाखूत चुना मळून खैनी खालच्या ओठात दाबून ठेवणाऱ्यांना नेमका त्याच खाचेत कॅन्सर होई. आणि कमरेला धोतर वर्षानुवर्षं घट्ट बांधणाऱ्यांना, कापड जिथे काचतं तिथे त्वचेचा कॅन्सर झालेला दिसे.

तिन्ही ठिकाणी एकच सूत्र होतं. जिथे रोज त्रास, तिथे वर्षांनंतर गाठ. त्या काळी कॅन्सर म्हणजे नशीब किंवा मागच्या जन्मीचं पाप, असं मानणारे खूप होते. खानोलकरांच्या कामाचा अर्थ असा होता, की यातले कितीतरी कॅन्सर टाळता येतील.

पुढे १९५५ मध्ये एल. डी. संघवी आणि के. सी. एम. राव यांच्यासह त्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तंबाखूवरचा अभ्यास छापला. तंबाखू चघळण्याचा संबंध तोंडाच्या कॅन्सरशी आणि ओढण्याचा संबंध जिभेच्या मुळाशी व घशात होणाऱ्या कॅन्सरशी जास्त दिसला.

त्या गुलाबी गाठी काय होत्या?

आता जरा सूक्ष्मदर्शकातून पाहू. तोंडाच्या कॅन्सरच्या तुकड्यात बऱ्याचदा कांद्याच्या पापुद्र्यांसारखी गोल वेटोळी दिसतात. रंग दिला की ती गुलाबी होतात. पॅथॉलॉजिस्ट त्यांना केराटिनचे मोती म्हणतात. मोती भरपूर असतील तर पेशी अजून आपलं मूळ काम थोडंफार विसरलेल्या नाहीत, आणि ते कमी होत गेले तर गाठ जास्त बिघडलेली, असा साधारण हिशोब असतो.

खानोलकरांच्या उमेदीच्या काळात केराटिन हे केसानखांचं, कातडीचं प्रथिन म्हणून माहीत होतं. पण ते एका मोठ्या कुटुंबातलं आहे, हे अजून कळायचं होतं. प्रत्येक पेशीत धाग्यांचा एक सांगाडा असतो. त्यात सर्वांत बारीक धागे अ‍ॅक्टिनचे, सुमारे ७ नॅनोमीटर जाडीचे. सर्वांत जाड नळ्या सुमारे २५ नॅनोमीटरच्या. या दोन्हींच्या मधले, सुमारे १० नॅनोमीटर जाडीचे धागे १९६८ मध्ये वेगळे ओळखले गेले आणि त्यांना मध्यम तंतू हे नाव पडलं. म्हणजे नाव आलं ते फक्त जाडीवरून.

हे तंतू काथ्याच्या दोरीसारखे असतात. एक पदर दुसऱ्यात पिळलेला, अशा अनेक जोड्या एकत्र. ओढलं, दाबलं तरी ते सहज तुटत नाहीत. पेशीला ताण सोसायची ताकद तेच देतात. माणसात त्यांची सुमारे ७० जनुकं आहेत, आणि गंमत म्हणजे प्रत्येक प्रकारच्या पेशीचा तंतू वेगळा. त्वचेत आणि अस्तरात केराटिन, स्नायूत डेस्मिन, संयोजी ऊतीत व्हायमेंटिन, चेतापेशीत न्यूरोफिलामेंट, तर पेशीकेंद्राच्या आतल्या बाजूला लॅमिन.

यातला एखादा बिघडला तर काय होतं? १९९१ मध्ये कळलं, की केराटिनच्या जनुकात दोष असलेल्या बाळांची त्वचा नुसत्या घासण्याने फोडांनी भरते. २००३ मध्ये कळलं, की लॅमिनच्या दोषामुळे प्रोजेरिया होतो. ‘पा’ चित्रपटात अमिताभ बच्चनने साकारलेल्या मुलाला झालेला, लहानपणीच म्हातारपण आणणारा हाच तो आजार.

आणि कॅन्सरच्या निदानात तर हे तंतू ओळखपत्र ठरले. पेशी बिघडली, मूळ जागा सोडून दुसरीकडे गेली, तरी ती आपला तंतू बहुधा सोडत नाही. मानेत गाठ आली आणि ती कुठून आली ते कळेना, तर लॅबमध्ये रंगाची खास चाचणी करतात. केराटिन दिसलं तर मूळ बहुधा अस्तराच्या पेशींत, डेस्मिन दिसलं तर शोध स्नायूकडे वळतो. उपचार कोणता द्यायचा, हे बऱ्याचदा त्यावर ठरतं. ही पद्धत १९८० च्या दशकात रुळली. तोवर खानोलकर हयात नव्हते.

कुष्ठरोगाच्या नसा

कॅन्सरइतकाच खानोलकरांनी ध्यास घेतला तो कुष्ठरोगाचा. लोक या रोगाला त्वचेचा रोग समजत. खानोलकरांनी अगदी सुरुवातीच्या चट्ट्यांचे तुकडे तपासले आणि १९५१ च्या आपल्या अहवालात जंतू त्वचेतल्या बारीक नसांत लवकर शिरतो यावर भर दिला. चट्टा दिसतो त्वचेवर, पण खरं नुकसान नसांचं. म्हणूनच रुग्णाला चटका कळत नाही, जखम कळत नाही आणि बोटं जातात. आज कुष्ठरोगाची तपासणी करताना चट्ट्यावर स्पर्श कळतो का ते आधी पाहतात.

नसेतल्या पेशीचा लांब दोरा आतून ताठ आणि जाड ठेवण्याचं काम न्यूरोफिलामेंट करतात. मुंबईतल्याच संशोधकांनी पुढे कुष्ठरोग्यांच्या नसा तपासल्या, तेव्हा या तंतूंत बिघाड सापडला. तोंडाचा कॅन्सर आणि कुष्ठरोग या दोन्ही वाटांनी खानोलकर ज्या पेशींपर्यंत पोहोचले होते, तिथेच तंतूंच्या या कुटुंबाच्या खुणा होत्या.

संस्था आणि एक चुकलेला अंदाज

१९५२ मध्ये परळला भारतीय कॅन्सर संशोधन केंद्र उभं राहिलं. खानोलकर त्याचे संचालक. त्यांनी तिथे तरुण शास्त्रज्ञांना, त्यातही स्त्रियांना मोठी जबाबदारी दिली. कमल रणदिवे यांनी त्यांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. केली आणि केंद्रात पेशी वाढवण्याची प्रयोगशाळा उभारली. सत्यवती सिरसाट यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचं काम उभं केलं.

सिरसाट आणि खानोलकर यांचा एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. तोंडाचं अस्तर कडक होऊन तोंड उघडेनासं होण्याचा एक आजार भारतात खूप आढळतो. पुढे त्यातून कॅन्सरही होऊ शकतो. आपल्या तिखट जेवणामुळे तो होत असेल का, हे पाहण्यासाठी दोघांनी उंदरांच्या टाळूला मिरचीतला तिखट घटक लावला. १९६० मध्ये निकाल छापले आणि संशय मिरचीवर राहिला. नंतरच्या अभ्यासांनी मुख्य दोषी वेगळाच ठरवला, तो म्हणजे सुपारी. उत्तर चुकलं, पण शोधाची दिशा बरोबर होती. कारण ताटात नाही तर पानाच्या डब्यात निघालं, इतकंच.

आंतरराष्ट्रीय कॅन्सर संघाचं अध्यक्षपद, मुंबई विद्यापीठाचं कुलगुरूपद (१९६० ते १९६३), त्यानंतर राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक, पद्मभूषण, असे मान त्यांना मिळत गेले. अणुकिरणांच्या परिणामांवरच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीतही ते होते. २९ ऑक्टोबर १९७८ ला त्यांचं निधन झालं.

आज काय उरलं?

त्यांचं संशोधन केंद्र १९६६ मध्ये टाटा मेमोरियल सेंटरचा भाग झालं आणि आता नवी मुंबईत खारघरला आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी तोंडाच्या कॅन्सरमधल्या केराटिनवर बरंच काम केलं. तोंडाच्या पक्व अस्तरात सहसा नसणारी केराटिन ८ आणि १८ ही जोडी कॅन्सरच्या पेशींत दिसते. २०११ मध्ये त्यांनी दाखवलं, की केराटिन ८ कमी केलं तर या पेशींची हालचाल आणि गाठ बनवण्याची ताकदही कमी होते. म्हणजे तंतू नुसती खूण नाही, रोगात त्याचा हातही आहे.

पण खानोलकरांनी १९४० च्या दशकात सांगितलेली गोष्ट समजायला एवढी यंत्रं लागत नाहीत. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी विदर्भातल्या टपरीवर खर्रा घोटला जातोच. सुपारी, तंबाखू, चुना आणि रोज तेच गालात. तोंडात बरेच दिवस न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तिखट अजिबात न सोसणं, तोंड पूर्वीएवढं न उघडणं, यातलं काही असेल तर डॉक्टरांना दाखवा. लवकर सापडलेला तोंडाचा कॅन्सर बरा होऊ शकतो.

शेगावच्या गावांतही तपास शेवटी पाणी, धान्य आणि ताटापर्यंतच गेला. रोगाचा पत्ता माणसाच्या रोजच्या जगण्यात शोधायचा, ही खानोलकरांची वाट आजही तीच आहे.