मध्यरात्रीचे नागपूर

मुंबईत वडाळ्याच्या रफी अहमद किडवई मार्गावरून रोज हजारो माणसे जातात. हे किडवई कोण, हे त्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असेल. आम्हा विदर्भातल्या लोकांनी तरी त्यांना विसरू नये.

१८ फेब्रुवारी १८९४ रोजी बाराबंकी जिल्ह्यातल्या मसौली गावी त्यांचा जन्म झाला. अलीगढला शिकले, असहकाराच्या चळवळीत वकिलीचा अभ्यास सोडला, तुरुंगात गेले, मोतीलाल नेहरूंचे सचिव झाले. भाषणबाजी त्यांना जमत नसे. माणसे जमवणे जमे. १९४७ साली दळणवळण खाते त्यांच्याकडे आले, आणि टपाल व विमाने एकाच टेबलावर आली.

आता नकाशा काढून बघा. नागपूरहून हवाई मार्गाने मुंबई सुमारे ६९० किलोमीटर, दिल्ली ८५०, मद्रास ९००, कलकत्ता ९८०. तासाला अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटर जाणाऱ्या डाकोटाला तीन-चार तासांचे काम. म्हणजे चारही शहरांतून रात्री विमाने सोडायची, सोनेगावच्या धावपट्टीवर मध्यरात्रीच्या सुमारास गाठ घालायची, थैल्यांची अदलाबदल करायची आणि उजाडेपर्यंत ज्याने त्याने आपापल्या घरी परतायचे. ३० जानेवारी १९४९ पासून हे सुरू झाले. १ एप्रिलपासून तर साधे पत्रही जादा आकाराशिवाय विमानाने जाऊ लागले.

जे. आर. डी. टाटांना ही योजना पसंत नव्हती. रात्री उतरण्याच्या सोयी अपुऱ्या, हिशेब आतबट्ट्याचा, असा त्यांचा आक्षेप. आणि किडवई तर हट्टाला पेटलेले. वाद इतका वाढला की न्यायमूर्ती राजाध्यक्षांची चौकशी समिती नेमली गेली. मला विचाराल तर दोघेही बरोबर होते. १२ डिसेंबर १९५३ च्या रात्री मद्रासकडे निघालेले विमान नागपूरहून उडताच कोसळले आणि १३ जण गेले. टाटांची भीती पोकळ नव्हती, हे मान्य करावेच लागते.

पण मी आयुष्यभर बँकेत काढले. आमच्या जुन्या साहेबांच्या काळात ड्राफ्टची सूचना असो की मेल ट्रान्सफर, सारे टपालाच्या थैलीतून जाई. थैली चार दिवस उशिरा पोचली, की व्यापाऱ्याचा पैसाही चार दिवस अडकून पडे. एका रात्रीची किंमत काय असते, ते काउंटरवर बसल्यावाचून कळत नाही. पत्रात पोराच्या नोकरीचा हुकूम असेल, तर विचारूच नका.

आमच्या हिंगणीपासून सोनेगाव सरळ रेषेत ४० किलोमीटर. मुंबई-नागपूर रेषा नकाशावर ओढली, तर ती आमच्या डोक्यावरूनच जाते. लहानपणी उन्हाळ्यात अंगणात बाजेवर निजलो असता बोरच्या जंगलाकडे सरकत जाणारा लाल दिवा मी कितीदा पाहिला आहे. डाक चालली, एवढेच आजी म्हणे आणि कूस बदले. सत्तरीच्या दशकात ही सेवा बंद पडली.

किडवई पुढे १९५२ मध्ये अन्नमंत्री झाले. धान्यावरची नियंत्रणे उठवण्याचे धाडस त्यांनी केले, तेही भल्याभल्यांचा विरोध पत्करून. २४ ऑक्टोबर १९५४ रोजी दिल्लीत ते गेले. दारी आलेल्याला रिकाम्या हाताने परत न पाठवणाऱ्या या मंत्र्याच्या मागे उरले ते मसौलीचे जुने घर आणि डोक्यावरचे कर्ज.